अंडं खावं की टाळावं, तूप की तेल, दोनदा की दर दोन तासांनी? आहाराच्या उलटसुलट सल्ल्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरोग्य पुरवणीच्या टेबलावर वाचकांची जी पत्रं आणि मेसेज येतात, त्यातल्या बऱ्याच जणांचा सूर एकच असतो: "मागच्या महिन्यात तुम्हीच छापलं होतंत, आता हे काय भलतंच?" तक्रार रास्त आहे. ते प्रश्न इथे एका ठिकाणी घेतले आहेत. उत्तरं पुरवणीचं काम करणाऱ्या माणसाची आहेत, डॉक्टरची नाहीत.

शास्त्रज्ञच दरवर्षी मत बदलतात. मग आम्ही कुणाचं ऐकायचं?

दरवर्षी बदलतो तो मथळा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०११ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली होती, नंतर मे २०२४ मध्ये सुधारून १७ तत्त्वं काढली. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. भाज्या आणि डाळी वाढवा, मीठ, साखर, तेल कमी करा, पाणी प्या, हालचाल करा. तेरा वर्षांत गाभा तोच राहिला. पण "यंदाही भाजीच खा" ही बातमी कोण वाचणार? "अमुक खाल्ल्यानं हृदयविकार" ही मात्र लगेच पुढे पाठवली जाते. आमच्या धंद्याचा हा दोष आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

पण अंड्यांचं काय? ते तर खरंच बदललं ना?

हो, ते खरंच बदललं. अमेरिकन हार्ट असोसिएशननं १९६८ मध्ये सांगितलं की आठवड्यात तीनपेक्षा जास्त पिवळे बलक खाऊ नयेत आणि आहारातलं कोलेस्टेरॉल रोज ३०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावं. एका अंड्यात साधारण १८५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे दोन अंड्यांत मर्यादा ओलांडली. १९८४ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर अंडी आणि बेकनचा रडका चेहरा झळकला आणि अंडं जगभर आरोपीच्या पिंजऱ्यात गेलं. पुढे लक्षात आलं की बहुतेकांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल यकृत बनवतं आणि त्यावर अन्नातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त (सॅच्युरेटेड, म्हणजे तूप-लोण्यातल्यासारख्या) चरबीचा परिणाम जास्त होतो. २०१५ च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांतून ती ३०० ची अट गेली.

इकडे आपल्याकडे अंडी उत्पादकांची समन्वय समिती, जिचं मुख्यालय पुण्यात आहे, रोज अंडी खा म्हणून वर्षानुवर्षं टीव्हीवर सांगत होती. म्हणजे एकाच काळात डॉक्टर बलक काढून टाकायला सांगत होते आणि जाहिरात सोमवार-रविवार काही न बघता खायला सांगत होती. जाहिरात पुढे बऱ्याच अंशी बरोबर निघाली, पण अंडी विकणाऱ्यांची म्हणून ती तशीही तेच म्हणणार होती.

या प्रश्नाचं उत्तर देताना नेहमी एक गोष्ट सुटते, आणि या पानावरची बहुतेक उत्तरं तिच्याभोवतीच फिरणार आहेत: अंडं *कशाच्या ऐवजी* खाल्लं? सकाळी चहाबरोबर खारी-टोस्ट खाणाऱ्यानं त्याजागी दोन उकडलेली अंडी घेतली तर त्याचं भलंच झालं. वाटीभर मोडाची मटकी खाणाऱ्यानं ती सोडून गाडीवरची लोण्यात निथळणारी भुर्जी आणि तीन पाव सुरू केले, तर अंडं तेच असून हिशेब उलटा. आपण एक पदार्थ वाढवतो तेव्हा पोटात दुसऱ्याची जागा जाते. अभ्यासात ही तुलना असते, बातमीत ती कापली जाते. मधुमेह किंवा आनुवंशिक कोलेस्टेरॉल असेल तर अंड्यांचा आकडा आपल्या डॉक्टरकडून घ्यावा.

तूप चांगलं की वाईट? आणि आता म्हणे रिफाइंड तेल हेच विष?

या एका प्रश्नावर घराघरात तीन पिढ्या भांडतात, म्हणून जरा सविस्तर.

आजीच्या स्वयंपाकघरात शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल होतं, कोकणात खोबरेल, आणि वरणभातावर तूप. मग हृदयाच्या जाहिरातींचा काळ आला. तूप-खोबरेल बाद, सूर्यफूल आणि करडईची रिफाइंड तेलं आत. करडईच्या तेलात साधारण तीन-चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असतं, त्यानं एलडीएल, म्हणजे रक्तातलं 'वाईट' कोलेस्टेरॉल, कमी होतं, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. मग गेल्या दहाएक वर्षांत वारं फिरलं. खोबरेल तेल एकाएकी 'सुपरफूड' झालं, तुपाचा चमचा कॉफीत पडू लागला, आणि बियांची तेलं म्हणजे शरीरातली आग, असं सांगणारे व्हिडिओ आले.

कागदावर काय आहे ते असं. तुपातली साधारण ६० टक्के चरबी संपृक्त असते, खोबरेलातली ९० टक्क्यांच्या आसपास. संपृक्त चरबी एलडीएल वाढवते. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१७ मध्ये जुने प्रयोग पुन्हा तपासून सांगितलं की संपृक्त चरबीच्या जागी करडई-सूर्यफुलासारखी बहुअसंपृक्त तेलं घेतली तर हृदयविकाराचं प्रमाण सुमारे ३० टक्के कमी होतं. पण त्याच चरबीच्या जागी मैदा-साखर आली तर फायदा होत नाही. बघा, पुन्हा 'कशाच्या ऐवजी'. तूप बंद करून लो-फॅट बिस्किटं खाणाऱ्या पिढीला काहीच मिळालं नाही, आणि त्यावरून तुपाच्या भक्तांनी निष्कर्ष काढला की तूप निर्दोष आहे. तो चुकीचा. निर्दोष सुटलं नाही, बदली आलेला साक्षीदारही तसलाच निघाला, एवढंच.

आणि गरम वरणभातावरचा एक चमचा तूप हा मुळात वादाचा विषयच नाही. वाद पातेल्यातल्या तेलाचा आहे. पोषण संस्थेच्या २,००० कॅलरींच्या ताटात तेल-तूप मिळून दिवसाला माणशी साधारण २७ ग्रॅम बसतं. चौघांच्या घराला महिन्याला सव्वातीन किलो, म्हणजे साडेतीन लिटरच्या आसपास, आणि त्यातच तूप आणि लोणी आलं. तुमच्या घरी पाच लिटरचा डबा किती दिवस पुरतो ते बघा. डबा महिन्याच्या आत संपत असेल तर आतलं तेल करडईचं आहे की लाकडी घाण्याचं, ही चर्चा नंतर करू. घाण्याच्या तेलाला चव आणि वास सुरेख असतो यात वाद नाही. पण शेंगदाणा घाण्यात दळला म्हणून त्यातल्या कॅलरी कमी होत नाहीत.

दीक्षित की दिवेकर?

महाराष्ट्रातल्या लग्नाच्या पंगतीत राजकारणाखालोखाल रंगणारा हा विषय. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात की कडक भूक लागेल त्या दोन वेळा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मधे काही नाही, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. हा विचार डॉ. श्रीकांत जिचकार यांचा, असं ते स्वतः सांगतात. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगतात की स्थानिक, हंगामी, घरचं खा, थोडं थोडं आणि थोड्या थोड्या वेळानं खा, तुपाला घाबरू नका. सरकारनं स्थूलतेविरोधी मोहिमेसाठी डॉ. दीक्षितांचं नाव पुढे केलं तेव्हा बराच वाद झाला, आणि वर्तमानपत्रांनी त्याची कुस्ती लावली. कुस्तीला प्रेक्षक जमतात.

पण दोघांची अट न मोडता काय काय गळतं ते बघा. दोन वेळा जेवणारा माणूस चार वाजताचा वडापाव खात नाही, ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाचा केक घेत नाही, रात्री अकराला फरसाणाचा डबा उघडत नाही. दर दोन तासांनी फळ, मूठभर शेंगदाणे, ताक घेणारासुद्धा चार वाजता इतका भुकेला नसतो की वडापावाच्या गाडीसमोर उभा राहील. दोन्हीकडून जाणारी गोष्ट एकच: दिवसभराचं येता-जाता चरणं आणि त्यासोबतचा साखरेचा चहा. कपाला दोन चमचे म्हणजे दहाएक ग्रॅम साखर. पाच कपांत ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये २,००० कॅलरींच्या आहारासाठी घातलेली साखरेची वरची मर्यादा जवळपास तेवढीच आहे, आणि निम्म्यावर आणलीत तर अधिक चांगलं, असंही ती म्हणते. म्हणजे जेवायला बसण्याआधीच कोटा संपला.

फसतं कुठे तर, लोक दोन्हीकडचं सोयीचं तेवढं उचलतात. एकाकडून "पोटभर जेवा, काहीही चालेल" आणि दुसरीकडून "तूप चालतं, दर दोन तासांनी खा". या दोघांच्या बेरजेतून जो आहार होतो तो दोघांपैकी कुणीच सांगितलेला नाही.

माझं मत विचाराल तर, जी पद्धत तुम्हाला वर्षभर झेपेल ती. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या नर्सला, शेतावर राबणाऱ्या बाईला, गरोदर मुलीला, वाढत्या वयाच्या पोराला दोनच वेळा जेवा म्हणणं बरोबर नाही. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला दर दोन तासांनी डबा उघडायला सांगणंही तितकंच धोक्याचं, कारण तो डब्यात काय भरेल याची खात्री कोण देणार?

सोळा तासांच्या उपवासानं वजन उतरतं असं वाचलं, आणि त्यानंच हृदयविकारानं मृत्यूचा धोका ९१ टक्के वाढतो असंही वाचलं. खरं काय?

९१ टक्क्यांची ती बातमी मार्च २०२४ ची. ती एका परिषदेत मांडलेल्या संक्षिप्त टिपणावर आधारलेली होती. सुमारे २०,००० अमेरिकी प्रौढांना दोन दिवसांत काय आणि कधी खाल्लं ते विचारलं आणि पुढे कोण कशानं दगावलं ते पाहिलं. दोन दिवसांच्या उत्तरावरून त्यांची आयुष्यभराची जेवणाची वेळ धरली गेली. शिवाय आठ तासांतच जेवणारे लोक मुळात कोण होते? आजारी, एकटे, दोन नोकऱ्या करून जेवायला वेळ नसलेले? धोका उपवासामुळे की त्या परिस्थितीमुळे, हे असल्या पाहणीत कळत नाही.

दुसऱ्या बाजूला २०२२ मध्ये चीनमधला एक नीट प्रयोग छापून आला. १३९ स्थूल माणसं, एक वर्ष. सगळ्यांना कॅलरी कमी करायला सांगितल्या, पण निम्म्यांनी शिवाय आठ तासांतच जेवायचं. वेळ पाळणाऱ्यांचं वजन सरासरी ८ किलो उतरलं, नुसत्या कॅलरी कमी करणाऱ्यांचं ६.३. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक दखल घेण्याजोगा नव्हता. घड्याळानं जादू केली नाही आणि घातही केला नाही.

आपले उपास हा वेगळाच प्रकार आहे. एकादशी, दुप्पट खाशी! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० कॅलरी आणि प्रथिनं नावाला. खिचडीला जी काही ताकद आहे ती दाण्याच्या कुटाची. कूट सढळ घाला, साबुदाणा आखडता, सोबत काकडीची दह्यातली कोशिंबीर, आणि पुढच्या खेपेला राजगिरा किंवा वरई.

मधुमेह टाळायला भात सोडून भाकरी सुरू केली. पुरेसं आहे का?

नुसतं तेवढं नाही. हे ऐकून नाराज होणारे खूप आहेत, कारण २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं आणि तेव्हा ज्वारी-बाजरी-नाचणीवर आम्ही सगळ्यांनीच रकानेच्या रकाने भरले. नाचणीतलं कॅल्शियम (१०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम), भाकरीतला चोथा, कोरडवाहू शेतीला मिळणारा आधार, सगळं खरं आहे. पण २०२५ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये देशभरच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष आले. भारतीय माणूस सरासरी ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांतून घेतो. त्यात पांढऱ्या तांदळाच्या जागी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आलं, पण एकूण कर्बोदकं तेवढीच राहिली, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. थोडी कर्बोदकं काढून त्याजागी डाळ, दूध-दही, अंडी, मासे अशी प्रथिनं आली तेव्हा मात्र दिसला.

म्हणून दोन मुदी भात काढून तीन भाकऱ्या वाढल्या तर ताट देशी झालं, हलकं नाही. एक भाकरी, आणि उरलेल्या जागी घट्ट पिठलं किंवा उसळ, असा तो बदल आहे. आणि भात आवडत असेल तर खा. मूद लहान करा, वरण मोठं करा.

गूळ, मध, खडीसाखर चालेल ना?

साखरेच्या ऐवजी तितकीच घेतली तर चालेल, पण फायदा म्हणून नाही. गुळातही बहुतांश सुक्रोजच, म्हणजे साखरच, आणि ग्रॅममागे साधारण तेवढ्याच कॅलरी. गुळातलं लोह मिळवायला जेवढा गूळ खावा लागेल तेवढा खाऊ नये. पुरणपोळी गुळाचीच करावी, पण ती चवीसाठी.

मग शुगर-फ्री गोळ्या? त्यानं कॅन्सर होतो म्हणे.

१४ जुलै २०२३ ला ॲस्पार्टेम या कृत्रिम गोडव्यावर एकाच वेळी दोन निकाल जाहीर झाले. कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकलं. अन्नातल्या रसायनांच्या तज्ज्ञ समितीनं मात्र सांगितलं की रोज, वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम ही जुनीच मर्यादा ठीक आहे. दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेल्या. वाचकांनी डोकं धरलं.

पण दोघींना विचारलेले प्रश्न वेगळे होते. पहिली संस्था विचारते की ही वस्तू कर्करोग करू *शकते* याचा पुरावा किती भक्कम आहे. दुसरी विचारते की माणसं खातात तेवढ्यानं किती धोका आहे. पहिलीच्या त्याच गटात कोरफडीच्या पूर्ण पानाचा अर्कही आहे. दुसरीच्या हिशेबानं ७० किलोच्या माणसाला मर्यादा गाठायला दिवसाला ९ ते १४ कॅन डाएट शीतपेय प्यावं लागेल. त्याआधी मे महिन्यात संघटनेनं आणखी एक गोष्ट सांगितली होती, जी जास्त कामाची आणि कमी छापली गेली: वजन कमी करायला गोड पर्यायांवर विसंबू नका, दीर्घकाळात उपयोग दिसत नाही. गोडाची सवयच खाली आणा.

समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा येणार, असं वाचलं होतं. आला का?

नाही, आणि तसा आदेशच नव्हता. जुलै २०२५ ची ही गंमत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं कार्यालयांत तेल आणि साखरेची माहिती देणारे फलक लावा, असं सुचवलं. कुठल्या पदार्थात किती चरबी, किती साखर, ते लोकांना कळावं म्हणून. बातमीत नागपूरच्या एम्सचं नाव आलं, मग समोसा आला, जिलेबी आली, वडापाव आला, आणि 'फलक'चा 'वैधानिक इशारा' झाला. नागपूरकर सावजी आणि तर्रीपोह्यांवर हात ठेवून शपथा घ्यायला लागले. दोन दिवसांत सरकारला खुलासा करावा लागला की कुठल्याही पदार्थावर इशारा छापायला सांगितलेलं नाही, फेरीवाल्यांशी याचा संबंध नाही. खुलासा किती जणांनी पुढे पाठवला, ते आपापल्या ग्रुपवर शोधून बघा.

ए-टू दूध खरंच वेगळं असतं का?

ए-वन आणि ए-टू हे दुधातल्या एका प्रथिनाचे दोन प्रकार. त्यांच्या रचनेत एक बारीक फरक आहे, त्यावरून दुप्पट किंमत मोजावी असं काही सिद्ध झालेलं नाही. या विषयावर गोंधळ घालण्यात नियामकही मागे नाहीत. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २१ ऑगस्ट २०२४ ला पाकिटांवरून ए-वन, ए-टूचे दावे काढा म्हणून सांगितलं आणि २६ ऑगस्टला ते पत्रच मागे घेतलं. डेअरीतून नेहमीचं ताजं दूध आणत राहा.

पण अशा बातम्या तयार तरी कशा होतात? कुणी तपासत नाही का?

२०१५ मध्ये एका अमेरिकी पत्रकारानं मुद्दाम एक सापळा लावला. जर्मनीत १५ माणसांवर तीन आठवड्यांचा प्रयोग केला. काही जणांना कमी कर्बोदकांच्या आहारासोबत रोज थोडं चॉकलेट दिलं. वजन, कोलेस्टेरॉल, झोप, मन:स्थिती अशा १८ गोष्टी मोजल्या. इतकी कमी माणसं आणि इतकी मोजमापं असली की कुठेतरी योगायोगानं फरक दिसणारच. दिसला. "चॉकलेटनं वजन लवकर उतरतं" हा निबंध पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकात आला आणि कितीतरी देशांतल्या वर्तमानपत्रांनी उचलला. किती माणसांवर प्रयोग केला, हा एक साधा प्रश्न विचारला असता तरी बातमी टेबलावरच मेली असती.

सगळा दोष पत्रकारांचाही नाही. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रकं तपासली गेली तेव्हा ४० टक्क्यांत मूळ निबंधात नसलेला वाढीव सल्ला आढळला. म्हणजे फोडणी विद्यापीठातच बसलेली असते, आम्ही वरून कोथिंबीर घालतो. दुपारी आलेलं पत्रक संध्याकाळी पान सुटायच्या आत मराठीत करायचं असतं, आणि त्या घाईत पहिल्यांदा उडतं ते 'उंदरांवर' हे विशेषण.

मी तर बारीक आहे. मग हे "वजन कमी करा" मला लागू नाही ना?

कदाचित लागू असेल, वेगळ्या अर्थानं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळपासच्या सहा गावांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास चालवला आहे. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंनी, अवयवांनी बारीक, पण त्वचेखालची चरबी त्या मानानं टिकून. वरून रोड, आतून चरबीचं. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांनी आपला आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. म्हणूनच आपल्याकडे २३ च्या पुढे वजन जास्त धरतात, परदेशी तक्त्यातल्या २५ च्या पुढे नाही.

याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. अर्ध्याहून जास्त मातांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. हे जीवनसत्त्व शाकाहारात दूध-दह्यातूनच काय ते येतं, आणि घरात दूध आधी पुरुषांच्या चहाला आणि मुलांच्या पेल्याला जातं.

आहाराच्या बातम्यांत मला सर्वांत जास्त खटकतं ते इथेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या १८.७ टक्के बायकांचं वजन कमी भरलं, २४ टक्क्यांचं जास्त, आणि ५७ टक्के ॲनिमियाच्या. "कमी खा" हा एकच मेसेज एकाच ग्रुपवर या सगळ्याजणींना जातो. कामवाल्या मावशी आणि त्यांच्या मालकीणबाई दोघी तो वाचतात. मालकीणबाईंना उपयोगी पडेल कदाचित. मावशींना गरज आहे ती जेवणातलं लोह अंगी लागावं म्हणून जेवणानंतरचा चहा तासभर लांबवण्याची, पालेभाजीवर लिंबू पिळण्याची, आणि एक अंडं किंवा मूठभर शेंगदाणे *जास्त* खाण्याची.

प्रोटीन कमी पडतंय म्हणून पावडर घेऊ का?

निरोगी प्रौढाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतं. ६० किलोला ५० ग्रॅम. घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात ग्रॅम असतात. आपली आमटी मात्र पुष्कळदा इतकी पातळ की तळाची डाळ शोधावी लागते. आधी ती घट्ट करा. राष्ट्रीय पोषण संस्थेनं पावडर टाळा असंच म्हटलं आहे. प्रोटीनची कुल्फी, प्रोटीनचा ब्रेड हे सध्याचं फॅड आहे, जाईल.

पाकिटावर 'मल्टीग्रेन' लिहिलं असलं तर?

पाकीट उलटं करा. समोरची बाजू कंपनीची असते, मागची कायद्याची. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. टेबलावर आत्ता एक मल्टीग्रेन बिस्किटांचा पुडा आहे. समोर ज्वारीचं कणीस, ओट्स, सोनेरी शेत. मागे बारीक अक्षरांत पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पामतेल, आणि ज्वारी-नाचणी-ओट्स तळाशी मिठाच्या शेजारी, एकेक-दोनदोन टक्के. चहात बुडवायला छान आहे. आरोग्यासाठी म्हणून घेऊ नका, एवढंच.

मुलांच्या दुधात घालायच्या पावडरींचंही तसंच. २०२३ मध्ये रेवंत हिमतसिंगका या तरुणानं बोर्नव्हिटातल्या साखरेवर व्हिडिओ केला, कंपनीनं नोटीस पाठवली, त्यानं तो काढला, तोवर तो देशभर पोचला होता. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विक्रेत्यांना असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली विकू नका असं सांगितलं. वर्षानुवर्षं छापलेल्या जाहिरातींचं काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही.

इन्स्टाग्रामवर कुणावर विश्वास ठेवू?

ऑगस्ट २०२३ पासून केंद्राचा नियम आहे की आरोग्यावर सल्ला देणाऱ्यानं आपली पात्रता सांगावी आणि आपण तज्ज्ञ नसू तर तेही स्पष्ट म्हणावं. आधी ते शोधा. मग व्हिडिओच्या शेवटी काही विकायला निघतं का बघा. डिग्री असलेलेही विकतात, तेव्हा दोन्ही बघा.

मग संतुलित आहार म्हणजे शेवटी पानात काय वाढायचं?

पोषण संस्थेचं २,००० कॅलरींचं ताट अंदाजे असं: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं (किंवा अंडी-मासे-मटण) ८५, भाज्या ४००, फळं १००, दूध-दही ३०० मिलिलिटर, शेंगदाणे-तीळ-बदाम वगैरे ३५, तेल-तूप २७. सगळं कच्च्या मापात.

यातला ४०० ग्रॅम भाज्यांचा आकडा घरी करून बघा, बटाटा सोडून. चौघांना दिवसाला एक किलो सहाशे. मेथीची मोठी जुडी निवडली, धुतली, परतली की कढईच्या तळाशी वाटीभर उरते आणि ती आपण चौघांत वाटतो. डब्यात तीन पोळ्या आणि त्यांना पुरेल एवढीच भाजी असते. भाजीचं काम पोळी घशाखाली उतरवणं, अशीच आपली व्यवस्था आहे.

आपल्या पानाची मांडणी मात्र मदतीला येते. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मधे पोळी आणि भात. कोशिंबीर डावीकडे चमचाभर वाढायची पद्धत. तिची वाटी करा, उजवीकडची भाजी दुप्पट करा, मधलं थोडं आक्रसेल. नवीन पदार्थ एकही लागत नाही.

खर्चाचं काय, हा प्रश्न आरोग्याच्या पानांवर कधी येत नाही. पावसाळ्यात गवार-फरसबीचे भाव ऐकून पिशवी रिकामी परत आणणारी माणसं आहेत, आणि आम्ही त्यांना ॲव्होकॅडो टोस्टची कृती देतो. शेवग्याचा पाला, अळू, अंबाडी, तांदुळजा, मुळ्याचा पाला, शेंगदाणे, सुकट, हंगामातला पेरू: यांना छापायला कुणी जाहिरातदार मिळत नाही.

माझे आजोबा तूप-साखर खाऊन नव्वदी पार करून गेले. ते कसं?

बहुधा रोज सात-आठ मैल चालत होते. आणि ज्यांचे आजोबा पंचावन्नला गेले ते हा प्रश्न पाठवत नाहीत.

मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. दोन वेळा जेवण किंवा सोळा तासांचा उपवास सुरू करू का?

स्वतःहून नाही. इन्सुलिन चालू असेल, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीची गोळी असेल, तर जेवण चुकल्यावर साखर धोकादायक खाली जाऊ शकते: घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं होणं. तसं झालं तर लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. नुसत्या मेटफॉर्मिन या गोळीवर हा धोका फारच कमी. बदल करायचाच असेल तर डॉक्टरकडे जाताना आठवडाभराच्या साखरेच्या नोंदी आणि गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन जा आणि विचारा की जेवणाची ही वेळ ठेवली तर कुठली गोळी कमी करायची. किडनीचा त्रास असेल तर वरचं प्रोटीनचं उत्तरही त्यांनाच विचारून घ्या.